मी आधी का तुम्ही आधी: म्हातारे आईबाप मरणाचं बोलायला लागले की पडणारे प्रश्न

आमच्या घरात दिवसातून एकदा तरी कुणीतरी मरायचं. म्हणजे बोलण्यात. सकाळच्या चहाला आई म्हणायची, यंदाचं लोणचं मी घातलंय, पुढच्या वर्षी कोण घालतंय बघा. अण्णा पेपर खाली न करता म्हणायचे, दहा वर्षं हेच ऐकतोय, लोणचं एकदाही चुकलेलं नाही. आम्ही भावंडं पुण्याहून सुट्टीला गेलो की हे ऐकून आमच्या पोटात गोळा यायचा आणि हे दोघं आपले निवांत टोस्ट बुडवून खातायत.

अण्णा सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत मास्तर होते, फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले, आई आहे. त्यानंतर मैत्रिणी, ऑफिसातल्या मुली, चुलतभाऊ असे बरेच जण मला हेच ते प्रश्न विचारायला लागले, कारण त्यांचेही आईबाप आता त्या वयात आलेत. सगळ्यांना तेच तेच सांगून दमले म्हणून एकदाच लिहून काढलंय. मी वकील नाही, डॉक्टर नाही, कागदाचं काम असेल तर त्या त्या माणसाकडून खात्री करून घ्याच.

आईबाबा सारखं मरणाचंच बोलतात. डिप्रेशन तर नसेल ना?

बहुतेक वेळा नसतं. सत्तरीच्या पुढं हा विषय म्हणजे हवापाण्यासारखा होतो. महिन्यातून दोनदा कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन यायचं, पेपरात आधी निधनवार्ता बघायच्या, वर्गातला कोण राहिला कोण गेला मोजायचं, मग बोलणार तरी कशावर? अण्णा म्हणायचे, निम्म्या गोवऱ्या मसणात गेल्यात, उरलेल्या वाळत घातल्यात. हे बोलताना चेहऱ्यावर दुःख बिख काही नसायचं, उलट वाक्य जमलं म्हणून खूशच असायचे.

पण फरक ओळखायला शिका. विनोद करून, चिडवून, टोमणा मारून बोलतायत तोपर्यंत ठीक. जेवण तुटलं, झोप गेली, माणसांत बसेनासे झाले, मी तुम्हाला ओझं झालोय हेच परत परत यायला लागलं, किंवा कसं मरायचं याचाच विचार बोलून दाखवला तर ते म्हातारपणाचं बोलणं नव्हे. मग अजिबात थट्टेवारी नेऊ नका, डॉक्टरला दाखवा. सरकारची टेलीमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा वेगळा नंबर आहे.

ते असं बोलले की आपण काय म्हणायचं? मी तर "शुभ बोला हो" म्हणून विषय बदलते.

सगळेच बदलतात, मीही वीस वर्षं बदलला. तिन्हीसांजेला असलं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे मीच आईला सुनवायचे, तेही तिच्याकडूनच शिकलेलं. नंतर कळलं की आपण गप्प केलं म्हणून त्यांच्या डोक्यातनं ते जात नाही, फक्त आपल्यासमोर बोलायचं बंद होतं, आणि मग कधीतरी शेजारच्या काकूंकडून आपल्याला कळतं की आईला अमुक एक साडी नेसवायची आहे.

एकच सोपी गोष्ट करा. "मी गेल्यावर" असं वाक्य सुरू झालं की "हां, मग काय करायचं?" एवढंच विचारा आणि भाजी निवडत राहा. तोंडाकडे बघत बसू नका, भाजी निवडायला, शेंगा फोडायला काहीतरी हातात असलं की ही माणसं जास्त मोकळं बोलतात, हा माझा अनुभव. समोरासमोर खुर्च्या टाकून "आई, आपल्याला एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचंय" म्हणालात तर ती आधी विचारेल, रिपोर्ट आलेत का माझे?

आई म्हणते "मला सवाष्णच जाऊ दे". ऐकायला कसंतरीच होतं, राग पण येतो. हे काय आहे नक्की?

ह्या प्रश्नाला जरा बसून उत्तर द्यावं लागेल.

वटपौर्णिमेला आई वडाला जाऊन आली की अण्णा दरवर्षी विचारायचे, काय मागितलंस? एका वर्षी ती म्हणाली, सात जन्म तुम्हीच, आणि वर एक जास्तीचं मागितलंय, दर खेपेला आधी मी. अण्णा हसले आणि म्हणाले, म्हणजे सातही जन्मी शेवटी मागं राहायचं मीच का? त्यावर आई काहीच बोलली नाही, फणसाचे गरे काढत बसली. तोवर मला वाटायचं हे सगळं नवऱ्यावरच्या प्रेमापोटी. ते होतंच, पण त्याच्याखाली भीती होती आणि ती भीती मरणाची नव्हती, मागं राहण्याची होती.

आपल्याकडे हे नुसतं बोलण्यात नाही, रीतीभातीत पार मुरलेलं आहे. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट भरून नेतात, बायका म्हणतात भाग्याची गेली, सोनं झालं. पितृपंधरवड्यात तिच्यासाठी वेगळी तिथी आहे, भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. आणि मागं राहिलेलीसाठी काय? कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, मंगळसूत्र तोडायचं, तेही सगळ्या गावासमोर, नवरा समोर पडलेला असताना. आईनं लहानपणी स्वतःच्या मावशीचं हे बघितलंय. तिला विचारलं तर ती मावशीचं नाव न घेता एवढंच सांगते की दगडावर हात आपटला तेव्हा काचेनं मनगट कापलं होतं. हे बघितलेली बाई "आधी मला ने" म्हणणार नाही तर काय म्हणेल?

वरनं आकडे तिच्या विरुद्धच. लग्नात नवरा पाचदहा वर्षांनी मोठा, बायका जगतात जास्त, आणि बायको गेलेला पुरुष पुन्हा लग्न करतो, नवरा गेलेली करत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात विधवांची संख्या चार कोटींच्या वर होती, विधुर त्याच्या मानानं फारच थोडे. म्हणजे सवाष्ण जायचं मागणं जवळपास प्रत्येकीचं, आणि मिळतं थोड्यांनाच.

म्हणून आई असं म्हणाली की रागावू नका, "तुला कशाची भीती वाटते गं?" असं विचारा. उत्तरं भलतीच जमिनीवरची येतात. आमच्या आईची यादी अशी होती: हळदीकुंकवाला कोण बोलावणार नाही, नातीच्या लग्नात मला मागं बसवतील, आणि बँकेत मला सही सोडून काही येत नाही. यातलं शेवटचं तर आपण एका दुपारीत सोडवू शकतो.

बांगड्या फोडणं वगैरे आपण थांबवू शकतो का? त्या दिवशी नातेवाईकांना कोण अडवणार?

त्या दिवशी कुणीच अडवू शकत नाही, म्हणून आधी बोलून ठेवायचं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. याच्यामागं करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांचा पाठपुरावा होता, आणि मला त्यातली सगळ्यात भिडलेली गोष्ट ही की त्यांनी स्वतः स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं, मी मेल्यावर माझ्या बायकोवर या प्रथा लादायच्या नाहीत. म्हणजे नवऱ्यानं जिवंतपणी बोलायचं, हा खरा मुद्दा.

अण्णांनी ती बातमी कापून ठेवली. त्या दिवाळीत भाऊबीजेला आमची थोरली आत्या, चौऱ्याऐंशी वर्षांची, ओवाळायला आली. ओवाळून झालं, अण्णांनी तबकात पाचशेची नोट टाकली आणि म्हणाले, आक्का, यंदा मला उलटी ओवाळणी पाहिजे. मी गेल्यावर हिच्या हाताला हात लावायचा नाही, कुणाला लावू पण द्यायचा नाही. आत्या चिडली, सणावारी हे काय बोलणं, वगैरे वगैरे. आई स्वयंपाकघरात उठून गेली. वातावरण एकदम खराब झालं, मी मनात म्हणाले अण्णांना काही काळवेळ आहे का.

तीन महिन्यांनी अण्णा गेले. त्या दिवशी भावकीतल्या दोघीजणी आईजवळ सरकल्या तेव्हा हीच आत्या भिंतीला धरून उठली आणि एकच वाक्य बोलली, त्यानं माझ्याकडनं ओवाळणीत घेतलंय ते, मागं व्हा. कुणाची हिंमत झाली नाही. पुढारलेल्या सुनेनं किंवा मुलीनं सांगितलं असतं तर दहा फाटे फुटले असते. तेव्हा सांगायचं तर घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला सांगा, आणि ज्याचं मरण आहे त्यानं सांगा.

सगळंच बदललं असं मात्र नाही. बांगड्या राहिल्या, पण कुंकू आईनं स्वतःच बंद केलं, मी पुष्कळ समजावलं, तिला नाही पटलं, मग मीही नाद सोडला.

आणि बाबा? ते तर काहीच बोलत नाहीत.

पुरुष वेगळ्या भाषेत बोलतात. "हातीपायी धड असताना खटकन जावं, कुणाचं करून घ्यायची वेळ येऊ नये", हे वाक्य तुम्हाला कट्ट्यावर बसलेला प्रत्येक रिटायर्ड माणूस ऐकवेल. त्याच्या पुढचं कुणी बोलत नाही, की ही आधी गेली तर मला साधा चहा येत नाही. आयुष्यभर अंघोळीला जाताना टॉवेलसुद्धा हातात मिळालेला माणूस, त्याला मरणापेक्षा रिकाम्या स्वयंपाकघराची धास्ती जास्त असते, पण ते म्हणायचं कसं? मग ते "हिची तब्येत बरी नाही, हिला दाखवून आणा" असं तुमच्यामागं लागतात. समजून घ्या.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णा सत्त्याहत्तरचे होते, तेव्हा वरणभात शिकले. कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायचे, मध्येच फोन आला की विसरायचे. मग मास्तरांनी काय करावं, ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर खडूनं रेघ ओढायची, शिट्टी झाली की एक, तिसरी रेघ झाली की गॅस बंद. आई कॉटवरून ओरडायची, फळा नाहीये तो. आत्तासुद्धा ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या मागं, खडूचा तुकडा आहे.

सांगायचा मुद्दा, बाबा बोलत नसतील तर बोलायला लावू नका, कुकर लावायला शिकवा. आईला एटीएम आणि बाबांना कुकर, मरणाच्या तयारीतलं पंचवीस टक्के काम इथंच संपतं.

दोघं एकमेकांत बोलतात का हे? का फक्त आपल्यासमोर नाटक?

बोलतात, पण भांडून. "मी गेल्यावर कळेल माझी किंमत" हे आपल्याकडचं सगळ्यात कॉमन मृत्यूविषयक संभाषण असेल. त्याला उत्तर, "तू कसली जातेस, मला पोचवून मग जाशील". रात्री दिवा बंद झाल्यावर खरं काही बोलत असतील तर ते त्यांचं त्यांना, आपण कान लावू नये. एकदाच मला पाणी प्यायला उठल्यावर ऐकू आलं होतं, आई विचारत होती, झोपलात का, आणि अण्णा म्हणाले, अजून नाही, आहे मी. बस एवढंच. हे रोजचं होतं की त्या दिवसापुरतं, मी कधी विचारलं नाही.

पैशाचं कसं काढायचं? आपण इस्टेटीवर डोळा ठेवून आहोत असं वाटेल.

वाटतंच थोडं, त्यातनं सुटका नाही. भावंडं जास्त असतील तर एकट्यानं विषय काढू नका, सगळ्यांना फोनवर घ्या. आणि "तुमच्यानंतर आमचं काय" असं नका विचारू, "तुमच्यानंतर आईचं काय" असं विचारा, बघा बाप कसा लगेच डबा काढतो.

आमच्याकडे तो खरंच डबा होता, बिस्किटाचा पत्र्याचा, त्यात पासबुकं, एफडीच्या पावत्या, १९८७ चं घराचं खरेदीखत आणि कुठल्यातरी जत्रेतली शिट्टी. अण्णांनी त्याच्यावरून दोनशे पानी वही केली. कुठल्या बँकेत काय, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, एलआयसी, लाईटबिलाचा ग्राहक क्रमांक, गॅसचं पुस्तक कुणाच्या नावावर, प्लंबरचा फोन. मास्तरांचं अक्षर, वर तारीख, खाली सही. ही वही करताना आई शेजारी बसलेली असायची, म्हणजे ती बसावी म्हणून अण्णा मोठ्यानं वाचत लिहायचे.

पेन्शनवाल्यांनी एक हिशोब बायकोसमोर नक्की मांडावा. सरकारी नोकराची पेन्शन साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के, आणि त्याच्यामागं बायकोला मिळणारी फॅमिली पेन्शन साधारण ३० टक्के. म्हणजे शंभर यायचे तिथं साठ. माणूस एक कमी झाला म्हणून घराचा खर्च चाळीस टक्क्यांनी कमी होत नाही, लाईटबिल तेवढंच येतं. कंपनीतल्या पीएफवाल्या पेन्शनमध्ये विधवेला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, आणि ती मुळातच एवढीशी असते की काय बोलायचं. ज्यांना कुठलीच पेन्शन नाही अशा गरीब विधवांना संजय गांधी निराधार योजनेत महिना १५०० रुपये आहेत, पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना, अर्ज तहसीलला.

आणि हो, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो हे आईला माहीत पाहिजे. नवरा असेपर्यंत तिनं तो शब्द फक्त ऐकलेला असतो. पुढं तिला स्वतः जिवंत असल्याचं दरवर्षी सांगायला जावं लागतं, आमच्या आईला याचं भयंकर हसू येतं.

खात्याला नॉमिनी लावलाय. मग झालं ना?

नाही झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस, पुढं ते वारसांचेच. सुप्रीम कोर्टानं हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्येही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. जॉइंट खातं असेल तर ते "आयदर ऑर सर्व्हायव्हर" आहे का बघा, म्हणजे एक गेलं तरी दुसऱ्याला ते चालवता येतं, नसेल तर पासबुकावर दोन नावं असूनही आई खेटे घालत बसेल. शिवाय नॉमिनीत पन्नास वर्षांपूर्वी लावलेलं आजीचं नाव निघतं कधीकधी, लग्नाआधी काढलेली पॉलिसी असते ना, तिथं.

सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच, नॉमिनीला तात्पुरतं मेंबर करून घेतात, मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं.

मृत्युपत्राचं नाव काढलं तर बाबा आठ दिवस बोलले नाहीत.

आठच दिवस ना? मग पुन्हा काढा.

गैरसमज असा की बायको आहे म्हटल्यावर सगळं तिचंच होणार. तसं नाही. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणं त्याच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई जिवंत असेल तर आई, सगळ्यांचा सारखा वाटा. म्हणजे चाळीस वर्षं ज्या घरात भाकरी थापली त्या घरात आईचा चौथा किंवा पाचवा हिस्सा. मुलं चांगली असतात हो, पण मुलांना बायका असतात, जावई असतात, कर्ज असतं. हे बाबांना एकदा आकड्यात सांगितलं की कागदाला हात घालतात.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र पाहिजेत. साक्षीदार वाटा घेणारे नकोत, आणि जमल्यास वयानं लहान बघा, अण्णांनी आधी दोन मित्रांच्या सह्या घेतल्या होत्या, त्यातले एक अण्णांच्याही आधी गेले, मग परत सगळं. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, आणि वय जास्त असेल तर डॉक्टरचा शुद्धीत असल्याचा दाखला जोडा.

शेती असेल तर सातबारावर वारसनोंद लवकर करा, तीन महिन्यांत कळवायचं असतं. आणि माणूस असतानाच बायकोचं नाव सातबारावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना आहे, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या मोहिमेतनं आलेली. वटपौर्णिमेला बायकोनं सात फेरे घालायचे, तर नवऱ्यानं तलाठ्याकडे एक फेरी मारायला काय हरकत आहे?

"मला नळ्या लावून ठेवू नका" म्हणतात. नुसतं बोलून चालतं का?

नाही, लिहावं लागतं. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला हा हक्क मान्य केला, तेव्हाची पद्धत फार किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का घ्यायचा, झालं. बरं होण्याची आशा नाही अशा वेळी उपचार थांबवायचे की नाही हे आपल्या वतीनं कोण सांगेल त्यांची नावं त्यात घालायची. वेळ आली की हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांची दोन मंडळं बघतात आणि मग निर्णय. याला इच्छामरण म्हणू नका, इंजेक्शन देऊन मरण आपल्याकडे कायद्यात नाही. २०१८ च्या सुमारास गिरगावातल्या एका मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्यानं राष्ट्रपतींकडे तेच मागितलं होतं, दोघांना काही आजार नव्हता, फक्त एकामागं एकानं राहायचं नव्हतं. मिळालं नाही अर्थात. पण ती बातमी आली तेव्हा आमचे दोघं पेपर समोर धरून बराच वेळ गप्प बसले होते.

कागद केलात तर आयसीयूच्या दारात उभं राहणाऱ्या मुलाला तो ठाऊक असू दे, कपाटात ठेवून उपयोग नाही. अण्णांचा झाला नव्हता. शेवटचे नऊ दिवस आम्ही भावंडं कॉरिडॉरमध्ये हळू आवाजात भांडत होतो, अण्णांना काय हवं होतं यावर. वहीत प्लंबरचा नंबर होता, हे नव्हतं.

देहदान, नेत्रदान, विधी नको असं म्हणतात, खरंच तसं करायचं?

त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलंय का बघा, कारण फॉर्म भरला असला तरी वेळेला घरच्यांची संमती लागते आणि एखादा काका अडून बसतो. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. देहदान मेडिकल कॉलेजला, पोस्टमॉर्टेम झालेली बॉडी सहसा घेत नाहीत. घरी माणूस गेला तर डॉक्टरचा दाखला आधी हातात पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं अडतं, आणि मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत. मृत्यूदाखल्याच्या दहाबारा प्रती काढा, मी पाच काढल्या आणि परत गेले.

कावळ्याचं मी काही बोलत नाही. अण्णा म्हणायचे, कावळा शिवला नाही तर समजा त्याला भूक नाही.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्यासाठी थांबायचं का, हे कुणी कसं विचारायचं?

आईबाबांनीच सांगून ठेवावं. "त्याच्यासाठी बर्फात ठेवू नका" किंवा "त्याला बघू दे, एक दिवस थांबा", जे काय असेल ते. हे त्यांनी बोलून ठेवलं असेल तर मुलाला नंतर आयुष्यभर स्वतःला खात बसावं लागत नाही.

नातवंडांसमोर बोलू द्यावं का?

द्या की. त्यांनाच कमी भीती वाटते. माझ्या मुलानं सातव्या वर्षी आजोबांना विचारलं, तुम्ही मेल्यावर तुमची सायकल मला ना? अण्णांनी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं, माझाच चेहरा पडला.

एक गेल्यानंतर दुसऱ्याशी काय बोलायचं?

गेलेल्याचं नाव घ्या. लोक वर्षभर नावच घेत नाहीत, तिला त्रास होईल म्हणून. त्रास न बोलल्याचा जास्त होतो. "धीर धर", "तुला आता मुलांकडे बघायचंय" हे नको, तिची मुलं पन्नाशीला आलीत. त्यापेक्षा अण्णांना मेथी आवडायची का गं, असं काहीतरी विचारा.

आणि तिला घरातनं हलवायची घाई करू नका. "आता एकटी कशी राहशील" म्हणून महिन्याभरात पुण्याला आणायचं, घर बंद करायचं, भांडी वाटून टाकायची, हे सगळे करतात आणि मग ती तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचा आवाज ऐकत बसते. वर्षभर थांबा.

एप्रिल २०२३ मध्ये, अण्णांना जाऊन दोन महिने झाले असतील, मंत्र्यांनी विधवा शब्दाऐवजी सरकारी कागदावर गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी लिहायचा प्रस्ताव मांडला होता, टीका झाली बरीच. मी आईला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, गंगा म्हणा नाहीतर भागीरथी, बँकेत बसायला खुर्ची ठेवा म्हणावं.

संक्रांतीला शेजारच्या वहिनींनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. गेली. दाराजवळच्या खुर्चीत बसली, वाण घेतलं, कुंकू नको म्हणाली, हळद लावून घेतली. घरी आल्यावर वाणाचा प्लॅस्टिकचा डबा उलटापालटा करून म्हणाली, झाकण नीट बसत नाही.

नवीन जोडीदार वगैरे? या वयात?

का नाही. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी २०१२ पासून एक मंडळ आहे. लग्नापेक्षा लोक लिव्ह-इन का पत्करतात त्यात एक कारण पेन्शनचंही आहे, केंद्राच्या नियमात विधवेनं पुन्हा लग्न केलं की फॅमिली पेन्शन सहसा थांबते. राज्याची असेल तर आधी ट्रेझरीत विचारा. मुलांचा विरोध प्रेमापेक्षा फ्लॅटवरून जास्त असतो, हे माझं मत. आमच्या आईसमोर हा विषय काढायची माझी छाती नाही.

ती एकटीच बडबडते, त्यांच्याशी बोलल्यासारखं. काळजीचं आहे का?

आमचीही बोलते. फोटोशी नाही, वहीशी. वहीत शेवटून तिसऱ्या पानावर पाण्याच्या मोटरीबद्दल लिहिलंय, मोटर चालू केल्यावर वीस मिनिटांनी आठवणीनं बंद करणे, ही विसरते. सकाळी मोटर लावली की आई ते पान उघडून ओट्यावर ठेवते, घड्याळात बघते, आणि मग मोठ्यानं, म्हणजे अंगणातसुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणते, मी विसरते? टाकी कुणी वाहवली होती दोनदा, ते लिहा की.